शीळफाटा : मुक्त व्यापाराचा राजकीय पुरस्कार आणि देशातील कामगार

प्रस्तावना

ठाण्याहून मुंब्रामार्गे पनवेलकडे जाणारा जुना मुंबई-पुणे रस्ता, कल्याण-डोंबिवलीकडून येणारा कल्याण-शीळ रस्ता आणि पारसिकच्या डोंगररांगेपलीकडून महापे औद्योगिक क्षेत्रातून येणारा रस्ता, असे मार्ग शीळफाट्यावर एकत्र येतात. या परिसरातील महाविद्यालयांत शिकविणाऱ्या प्राध्यापकांना हे ठिकाण मुख्यतः वाहतूक कोंडीसाठी परिचित आहे. पहिला तास चुकण्याचे कारण म्हणून शीळफाट्याचे नाव आपल्यापैकी अनेकांनी सांगितले असेल. परंतु ज्या वाहनांमुळे ही कोंडी होते त्यांकडे लक्ष दिल्यास असे दिसते, की त्यांतील मोठा भाग कंटेनर वाहून नेणाऱ्या ट्रेलरचा आहे. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात उतरलेला माल कळंबोली, शीळफाटा आणि मुंब्रा वळणरस्ता या मार्गाने भिवंडीच्या गोदामांत जातो. ज्या रस्त्यांवरून हा माल जातो त्यांच्याच कडेला, गेल्या तीन-साडेतीन दशकांत बंद पडलेल्या किंवा रूप बदललेल्या कारखान्यांच्या जागा आहेत.

राजकीय नेतृत्वाने मुक्त व्यापाराचा पुरस्कार केला म्हणजे देशातील कामगाराचे नेमके काय होते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात शीळफाट्याच्या परिसराच्या आधारे केला आहे. या प्रश्नाची दोन उत्तरे सर्वपरिचित आहेत. पाठ्यपुस्तक सांगते, की व्यापार खुला झाल्यास श्रमबहुल देशातील श्रमिकाचा लाभ होतो. मोर्चातील फलक सांगतो, की आयात आली की कारखाना बंद पडतो. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. मात्र कामगाराला मिळणारे संरक्षण कशाशी बांधलेले आहे, हा प्रश्न दोन्ही उत्तरे विचारीत नाहीत. आणि प्रस्तुत लेखकाच्या मते परिणाम ठरतो तो तेथेच.

पुरस्काराचा इतिहास

मुक्त व्यापाराची कल्पना महाराष्ट्रात प्रथम आली ती परकीय सत्तेची भाषा म्हणून. इंग्लंडमध्ये सर रॉबर्ट पील यांनी १८४६ मध्ये धान्यावरील आयात कर रद्द करविले, तेव्हा कामगाराला स्वस्त भाकरी मिळावी हा युक्तिवाद अग्रभागी होता. त्या निर्णयाने पील यांचा पक्ष दुभंगला. त्याच तत्त्वाचा आधार घेऊन, लँकेशायरच्या गिरणीमालकांच्या दबावाखाली, १८८२ मध्ये हिंदुस्थानातील कापडावरील आयात शुल्क काढून टाकण्यात आले. पुढे महसुलाच्या अडचणीमुळे ते पुन्हा बसवावे लागले. पण त्याची भरपाई म्हणून देशी गिरण्यांच्या कापडावर अबकारी कर लादला गेला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिले, त्याची पार्श्वभूमी ही होती. इंग्लंडमध्ये सिद्ध झालेले आर्थिक सिद्धांत परिस्थिती न पाहता येथे लागू करता येत नाहीत, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता.

स्वातंत्र्योत्तर काळात चित्र उलटले. आयात परवाने आणि उंच शुल्कभिंत हे अधिकृत धोरण झाले आणि मुक्त व्यापाराची बाजू घेणे हे राजकीयदृष्ट्या धाडसाचे ठरू लागले. डॉ. मनमोहन सिंग यांची भूमिका या दृष्टीने लक्षणीय आहे. ऑक्सफर्ड येथील त्यांचा संशोधन प्रबंध भारताच्या निर्यातीवर होता. तो १९६४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. निर्यातीबाबत तेव्हा सार्वत्रिक असलेला निराशावाद त्यांना मान्य नव्हता. म्हणजे १९९१ मधील त्यांचा पवित्रा केवळ परकीय चलनाच्या टंचाईतून आलेला नव्हता, जरी टंचाई खरी होती आणि सोने परदेशात तारण ठेवण्याची वेळ आली होती. जुलै १९९१ च्या पहिल्या आठवड्यात रुपयाचे दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले, वाणिज्य मंत्री पी. चिदंबरम यांनी नवे व्यापार धोरण मांडले, आणि २४ जुलै १९९१ रोजी अर्थसंकल्प सादर झाला.

त्या अर्थसंकल्पात आयात शुल्काचा कमाल दर १५० टक्क्यांवर आणण्यात आला. पुढील वर्षी तो ११० टक्के झाला. नंतर अनुक्रमे ८५, ६५ आणि १९९५-९६ मध्ये ५० टक्के. १९९७-९८ मध्ये संयुक्त आघाडीच्या शासनात चिदंबरम यांनी तो ४० टक्क्यांवर आणला, तर बिगरशेती मालासाठी २००७-०८ मध्ये तो १० टक्के झाला. या सोळा वर्षांत दिल्लीत काँग्रेस, संयुक्त आघाडी, भारतीय जनता पक्षप्रणीत आघाडी आणि पुन्हा काँग्रेसप्रणीत आघाडी सत्तेवर आल्या. दराचा ओघ मात्र खालीच राहिला.

विरोधी बाकावर स्वदेशी आणि सत्तेत उदारीकरण, हा आपल्या राजकारणाचा जणू नियमच झाला आहे. त्याला महाराष्ट्रातील अपवाद दोन्ही बाजूंना सापडतात. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी डंकेल प्रस्तावाचे समर्थन त्या काळात केले, जेव्हा बहुतेक पक्ष त्याविरुद्ध बोलत होते. निर्यातबंदी आणि आयातनिर्बंध यांमुळे शेतकऱ्याला जागतिक भावापेक्षा कमी भाव मिळतो, असे त्यांचे म्हणणे होते. दुसऱ्या टोकाला भारतीय मजदूर संघाचे संस्थापक, वर्धा जिल्ह्यातील आर्वी येथे जन्मलेले दत्तोपंत ठेंगडी होते. अटलबिहारी वाजपेयी यांच्या शासनाच्या व्यापारविषयक धोरणावर त्यांनी, वैचारिक नाते असूनही, जाहीर टीका केली. जागतिक व्यापार संघटनेतील वादात अमेरिकेविरुद्ध भारताची बाजू १९९९ मध्ये हरली होती, आणि त्यानंतर १ एप्रिल २००० रोजी ७१४ व १ एप्रिल २००१ रोजी ७१५ वस्तूंवरील परिमाणात्मक निर्बंध उठविण्यात आले.

येथे एका तांत्रिक बाबीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे, कारण शीळफाट्याच्या परिसराचे पुढील विवेचन तिच्यावर अवलंबून आहे. १९९१ मध्ये सर्व आयात एकाच वेळी खुली झाली नाही. प्रथम यंत्रसामग्री, कच्चा माल आणि रसायनांसारखे मध्यवर्ती उत्पादन मोकळे झाले. ग्राहकोपयोगी वस्तूंवरील निर्बंध बव्हंशी २००१ पर्यंत टिकले. परिणामी ज्या कामगाराच्या हातून दुकानात विकली जाणारी वस्तू तयार होत होती, त्याला दहा वर्षे उसंत मिळाली. ज्याच्या हातून दुसऱ्या कारखान्याला लागणारा माल तयार होत होता, त्याला ती मिळाली नाही. ठाणे जिल्ह्यातील मोठा कामगारवर्ग या दुसऱ्या प्रकारचा होता.

महापेचा रस्ता

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक पट्ट्याचा विस्तार या महामंडळाच्या काळातला आहे. महापे हा त्याच पट्ट्याचा भाग आहे. या पट्ट्यातील नॅशनल ऑरगॅनिक केमिकल इंडस्ट्रीज, म्हणजे सर्वांना ठाऊक असलेली ‘नोसिल’, ही कंपनी नाफ्थ्यापासून इथिलीन काढीत असे. देशातील अशा आरंभीच्या प्रकल्पांपैकी हा एक होता. त्याची इथिलीनची क्षमता मूळची साठ हजार टनांच्या आसपास होती. साठच्या दशकाच्या अखेरीस हा आकडा मोठा होता. पुढे नागोठण्याला सुमारे तीन लाख टनांचा आणि हजिऱ्याला साडेसात लाख टनांचा प्रकल्प उभा राहिला. आयात शुल्क शंभर टक्क्यांच्या वर असताना लहान प्रकल्पही चालत होता, कारण किमतीचा बोजा खरेदीदार उचलत होता. शुल्क उतरू लागले तसा हा आधार गेला आणि शतक बदलण्याच्या सुमारास नोसिलचा पेट्रोरसायन व्यवसाय संपुष्टात आला. याच कंपनीचा रबर-रसायनांचा व्यवसाय मात्र टिकला. त्याला स्वस्त आयातीविरुद्ध प्रतिडंपिंग शुल्काचे साहाय्य वेळोवेळी मिळाले आहे.

एकाच कंपनीच्या दोन विभागांचे दोन वेगळे भवितव्य झाले, ही गोष्ट वर्गात शिकविण्याजोगी आहे. मुक्त व्यापाराच्या धोरणात देखील अपवाद असतात, आणि ते कोणाला मिळतात हे राजकीय प्रक्रियेत ठरते. प्रतिडंपिंग शुल्कासाठी अर्ज करावा लागतो. त्यासाठी हानीचे आकडे, वकील आणि सनदी लेखापाल लागतात. उत्पादकाला ते परवडते. कामगाराला आपल्या हानीसाठी असा अर्ज करण्याची सोय कोठेही नाही.

महापे येथेच २००० नंतरच्या वर्षांत माहिती तंत्रज्ञान आणि कॉल सेंटरच्या इमारती उभ्या राहिल्या. हाही मुक्त व्यापारच आहे, केवळ सेवांचा. इंग्रजी बोलू शकणाऱ्या, बावीस-चोवीस वर्षांच्या, रात्रपाळी करू शकणाऱ्या तरुण-तरुणींना त्यातून रोजगार मिळाला. त्यांत आपल्या महाविद्यालयांचे पदवीधर मोठ्या संख्येने आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही.

येथे अर्थशास्त्रातील स्टोल्पर-सॅम्युएलसन सिद्धांताचा उल्लेख करणे प्राप्त आहे. १९४१ मध्ये मांडलेल्या या सिद्धांतानुसार, ज्या देशात श्रम विपुल आहे तेथे व्यापार खुला झाल्यास श्रमाचा मोबदला वाढतो. त्यामागील एक गृहीतक असे, की कामगार एका उद्योगातून दुसऱ्या उद्योगात विनासायास जातो. महापेच्या रस्त्यावर या गृहीतकाची परीक्षा होते. रसायन कारखान्यातील पंचेचाळीस वर्षांचा प्लँट ऑपरेटर आणि त्याच औद्योगिक क्षेत्रातील काचेच्या इमारतीत बसलेला कॉल सेंटरचा कर्मचारी यांच्यात अंतर काही किलोमीटरांचे असले, तरी पहिल्याला दुसऱ्याच्या खुर्चीत बसता येत नाही. फार तर त्याच्या मुलीला येते. लाभ घराण्याला मिळाला आणि हानी व्यक्तीला झाली, असे कोणी म्हणेल. पण दरम्यानची दहा-पंधरा वर्षे त्या घराने कशी काढली याचा हिशेब कोणत्याही सिद्धांतात येत नाही.

पेटिया टोपालोवा यांनी भारतातील जिल्ह्यांचा अभ्यास करून जो निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध केला, तो याच दिशेचा आहे. ज्या ग्रामीण जिल्ह्यांतील उद्योगांवर शुल्ककपातीचा आघात अधिक होता, तेथे दारिद्र्य घटण्याचा वेग इतरांपेक्षा मंद राहिला. कामगारांचे स्थलांतर आणि उद्योगांतर अल्प होते, हे त्यामागील एक कारण होते. त्याच सुमारास त्यांनी पिनेलोपी गोल्डबर्ग आणि इतरांसमवेत केलेल्या दुसऱ्या अभ्यासात असे आढळले, की आयात केलेला कच्चा माल व सुटे भाग उपलब्ध झाल्याने भारतीय कंपन्या नवनवीन उत्पादने काढू शकल्या. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे आहेत. देशाचा लाभ झाला आणि विशिष्ट ठिकाणच्या विशिष्ट माणसांचा तोटा झाला.

कल्याणचा रस्ता

कल्याण-शीळ रस्त्यावर डोंबिवलीच्या बाजूला ‘प्रीमियर’ हे नाव आजही मैदानाला आणि वसाहतीला चिकटून आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा मूळ कारखाना कुर्ल्याला होता. फियाटच्या परवान्यावर निघालेली आणि पुढे ‘पद्मिनी’ म्हणून प्रसिद्ध झालेली मोटार त्याच कंपनीची. कल्याण-शीळ रस्त्यावरील कारखान्यात नव्वदच्या दशकात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या सहकार्याने मोटारी तयार झाल्या. ते सहकार्य काही वर्षांतच कामगार-तंटे आणि मंदावलेली विक्री यांत संपले. २००० च्या सुमारास पद्मिनीचे उत्पादनही थांबले.

या कारखान्याची कहाणी डोंबिवलीत बहुधा ‘गॅट करार आला आणि प्रीमियर गेली’ अशी सांगितली जाते. ती तपासून घेतली पाहिजे. तयार मोटारींवरील आयात शुल्क त्या काळात अतिशय उंच होते आणि पुढेही उंचच राहिले. परदेशी मोटारींनी पद्मिनीला बाजारातून हटविले असे झाले नाही. पद्मिनीचे स्थान डळमळले ते १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेल्या मारुतीमुळे, आणि नंतर १९९३ मध्ये मोटार उद्योग परवानामुक्त होऊन परदेशी कंपन्या देशातच कारखाने काढू लागल्यामुळे. हा देशांतर्गत स्पर्धेचा आणि परकीय भांडवलाचा परिणाम आहे; वस्तूंच्या मुक्त व्यापाराचा नव्हे.

हा भेद कोणाला शब्दच्छल वाटेल. बाहेर पडलेल्या कामगाराला आपली नोकरी शुल्ककपातीने गेली की परवानामुक्तीने, यात काय फरक? त्याला नसेल, पण आपल्याला आहे. ज्या राजकारण्याने दोन्ही निर्णय घेतले त्याच्याकडे उत्तर मागताना कोणत्या निर्णयासाठी कोणती भरपाई हवी होती, हे सांगता आले पाहिजे. शिवाय तिसरे कारण या दोन्हींच्या आड दडून राहते, ते म्हणजे जमीन. मुंबई महानगर प्रदेशात कारखान्याखालील जमिनीची किंमत कारखान्याच्या उत्पन्नापेक्षा वेगाने वाढत गेली. नागरी जमीन कमाल धारणा कायदा महाराष्ट्राने नोव्हेंबर २००७ मध्ये रद्द केल्यावर मोठ्या जमिनींच्या पुनर्विकासातील एक अडथळा दूर झाला. कारखाना चालविण्यापेक्षा बंद करणे फायदेशीर ठरत असेल, तर त्याचे खापर जिनिव्हातील करारावर फोडता येणार नाही. आज कल्याण-शीळ रस्त्याच्या दुतर्फा पंचवीस-तीस मजली गृहसंकुले दिसतात. दिवा, मुंब्रा आणि शीळ-डायघर येथील चाळींतून सकाळी या संकुलांकडे जाणाऱ्या घरकामगार स्त्रियांची रांग लागलेली असते. त्यांच्यासाठी राज्यात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम आहे. व्यापार धोरणाच्या कोणत्याही चर्चेत या स्त्रियांचा उल्लेख येत नाही, परंतु ज्या कुटुंबात पुरुषाची कायम नोकरी सुटली तेथील उत्पन्नाची जागा बहुधा याच कामाने भरली जाते.

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील रंग, रसायने आणि औषधांच्या लहान कारखान्यांची स्थिती निराळी आहे. त्यांना निर्यातीचा लाभ झाला, हे मान्य केले पाहिजे. नव्वदच्या दशकाच्या मध्यास जर्मनीने विशिष्ट ॲझो रंगांवर बंदी घातली तेव्हा येथील उत्पादकांना प्रक्रिया बदलाव्या लागल्या. म्हणजे परदेशी ग्राहकाच्या आरोग्याचा विचार कायद्याच्या स्वरूपात येथवर पोहोचला. येथील कामगाराच्या सुरक्षिततेचा विचार तितक्या वेगाने पोहोचला नाही. मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये या वसाहतीत झालेल्या भीषण स्फोटांत अनेकांचे प्राण गेले. दोन्ही वेळा कारखाने स्थलांतरित करण्याची चर्चा झाली. आयातीची स्पर्धा असो वा निर्यातीची, किमतीतील शेवटचा रुपया वाचविण्याचा दबाव लहान कारखान्यावर येतो, आणि तो रुपया कोठून वाचतो हे कामगारांना ठाऊक असते.

पनवेलकडून भिवंडीकडे

जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले, म्हणजे डॉ. सिंग यांच्या पहिल्या अर्थसंकल्पाच्या केवळ दोन वर्षे आधी. आज तेथे वर्षाला सत्तर लाखांहून अधिक वीसफुटी कंटेनर इतकी हाताळणी होते. या मालाची गोदामे भिवंडीत एकवटण्यामागे एक जुने, काहीसे गमतीचे कारण आहे. मुंबई महापालिकेची जकात १ जुलै २०१७ पर्यंत अस्तित्वात होती. मुंबईच्या वेशीबाहेर, ग्रामपंचायतींच्या हद्दीत माल उतरवून ठेवला आणि लागेल तसा आत आणला, तर जकातीची रक्कम अडकून पडत नसे. जकात गेली, वस्तू व सेवा कर आला, पण गोदामे राहिली आणि वाढली.

भिवंडीत हा बदल दुहेरी आहे, कारण हे गाव यंत्रमागाचे. ज्या शेडमध्ये माग चालत होते त्यांच्या शेजारी आता परदेशी कापडाचे तागेही ठेवले जातात. यंत्रमागाच्या दुरवस्थेची कारणे अनेक आहेत. सुताच्या भावातील चढउतार, विजेचा दर, जुनाट माग. व्यापार धोरण हे त्यांपैकी एक. सप्टेंबर २०११ मध्ये ढाका भेटीत पंतप्रधान या नात्याने डॉ. मनमोहन सिंग यांनी बांगलादेशातील ४६ वस्त्रवस्तूंना शुल्कमुक्त प्रवेश जाहीर केला. शेजारी देशाशी मैत्री वाढविण्याच्या दृष्टीने तो निर्णय समर्थनीय होता, आणि ढाक्यातील शिलाई कामगार स्त्रियांना त्याचा लाभ झाला असेल तर त्याबद्दल दुःख करण्याचे कारण नाही. प्रश्न इतकाच, की परराष्ट्र धोरणाची किंमत जेव्हा विशिष्ट गावातील विशिष्ट धंद्याला मोजावी लागते, तेव्हा त्या गावासाठी वेगळी तरतूद त्याच दिवशी जाहीर होत नाही.

गोदामांनी रोजगार निर्माण केला आहे, आणि तो थोडाथोडका नाही. माल उतरविणारे, मोजणारे, वेष्टन करणारे, ट्रेलर चालविणारे आणि दुचाकीवरून घरपोच पोहोचविणारे, असे हजारो हात त्यात गुंतले आहेत. कारखान्यातील नोकरी आणि हा रोजगार यांतील मुख्य भेद वेतनाचा नसून नात्याचा आहे. येथे मालक कोण, हेच बहुतेकांना सांगता येत नाही. माल एका कंपनीचा, गोदाम दुसऱ्याचे, व्यवस्थापन तिसऱ्याचे आणि हजेरीपत्रक ठेकेदाराचे.

संरक्षण कशाला बांधलेले आहे?

आता मूळ मुद्द्याकडे येता येईल. १९९१ च्या धोरणकर्त्यांना कामगारांच्या हानीची कल्पना नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. फेब्रुवारी १९९२ मध्ये राष्ट्रीय नूतनीकरण निधी स्थापन झाला. उद्योगांची पुनर्रचना होताना बाहेर पडणाऱ्या कामगारांचे पुनर्प्रशिक्षण आणि पुनर्नियोजन हा त्याचा घोषित उद्देश होता. प्रत्यक्षात त्यातील बहुतांश रक्कम केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांतील स्वेच्छानिवृत्तीच्या भरपाईवर खर्ची पडली. शीळफाट्याभोवतीचे कारखाने मुख्यतः खाजगी होते, त्यामुळे त्यांच्या कामगारांपर्यंत हा निधी पोहोचण्याचा मार्गच नव्हता. अमेरिकेत १९६२ मध्ये अध्यक्ष केनेडी यांनी व्यापार विस्तार कायद्यासोबत आयातीमुळे बेकार होणाऱ्या कामगारांसाठी साहाय्य योजना आणली होती. व्यापार खुला करण्याला संसदेची संमती मिळविण्याचा तो भाग होता. तीही पुढे क्षीण होत गेली आणि २०२२ मध्ये तिची मुदत संपली. तात्पर्य, सौदा करताना भरपाईचे वचन दिले जाते, आणि सौदा पक्का झाल्यावर वचनाची निकड संपते.

खाजगी कारखान्यातील कामगाराला दुसरे कवच होते ते १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याचे. त्याच्या पाच-ब प्रकरणानुसार शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कपात वा बंदीसाठी शासनाची पूर्वपरवानगी आवश्यक होती. या तरतुदीची कठोरता सर्वश्रुत आहे. तिला वळसा घालण्याचा मार्गही सर्वश्रुत आहे. कपात न करता स्वेच्छानिवृत्ती योजना जाहीर करावयाची. फलकावर अंतिम तारीख लागते, पगार रखडतो, आणि ‘स्वेच्छेने’ अर्ज भरले जातात. आयात शुल्क घटल्याची तारीख राजपत्रात सापडते. पण त्यामुळे कामगार बाहेर पडल्याची तारीख कोणत्याही नोंदवहीत त्या कारणाखाली सापडत नाही, कारण कागदावर तो स्वतःहून गेलेला असतो.

याउलट महाराष्ट्रात एक अशी व्यवस्था आहे, जी मालकाशी नव्हे तर कामाशी बांधलेली आहे. १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा, ज्यामागे अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळ उभी होती. या कायद्यानुसार नोंदणीकृत माथाडी कामगार एका मालकाचा नोकर राहत नाही. माल उतरवून घेणारा व्यापारी वा कंपनी मजुरी मंडळाकडे भरते आणि तिच्यावर ठरावीक लेव्ही देते. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा आणि वैद्यकीय साहाय्याची तरतूद होते. मालक बदलला, दुकान बंद पडले, माल देशी असो की चिनी, पोते उतरले की लेव्ही देय होते. व्यापार वाढला तर मंडळाकडे येणारी रक्कमही वाढते. खुल्या व्यापारातील लाभाचा अंश कामगारापर्यंत आपोआप नेणारी इतकी साधी रचना दुसरी आढळत नाही, आणि ती कोणा अर्थशास्त्रज्ञाने नव्हे तर पाठीवर ओझे वाहणाऱ्यांनी मिळविली आहे.

या व्यवस्थेत दोष नाहीत असे नाही. माथाडीच्या नावाखाली खंडणी मागणाऱ्या टोळ्यांबाबत उद्योजक तक्रार करतात, आणि ती निराधार नाही. अनेक नव्या गोदामांत यंत्राने माल हाताळला जातो आणि उरलेले काम ठेकेदाराच्या माणसांकडून होते. त्यांची मंडळाकडे नोंद होतेच असे नाही. तरीही संरक्षण कारखान्याच्या फाटकाशी बांधायचे की कामाशी, हा प्रश्न या कायद्याने पन्नास वर्षांपूर्वी विचारला होता. जागतिक व्यापाराच्या चर्चेत तो आपण क्वचितच आठवतो.

आजची स्थिती

४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉक येथे भारताने प्रादेशिक सर्वंकष आर्थिक भागीदारी करारातून माघार घेतली, तेव्हा राजकीय पुरस्काराचा लंबक मागे फिरल्याचे भासले. ते अल्पकाळ टिकले. २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरात आणि ऑस्ट्रेलियाशी, मार्च २०२४ मध्ये युरोपीय मुक्त व्यापार संघाशी करार झाले. २४ जुलै २०२५ रोजी, म्हणजे डॉ. सिंग यांच्या अर्थसंकल्पाला बरोबर चौतीस वर्षे होत असताना, ब्रिटनशी झालेल्या करारावर वाणिज्य मंत्री पीयूष गोयल यांनी स्वाक्षरी केली. शंभर टक्क्यांहून अधिक असलेले मोटारींवरील शुल्क ठरावीक संख्येपुरते टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर आणण्याची तरतूद त्यात आहे. जी भिंत पद्मिनीच्या काळात उभी राहिली होती तिला आता दार पडले आहे. युरोपीय संघटनेशी झालेल्या करारात पंधरा वर्षांत १०० अब्ज डॉलरची गुंतवणूक आणि दहा लाख प्रत्यक्ष रोजगार असे उद्दिष्ट लिहिलेले आहे. रोजगाराचा आकडा व्यापार करारात यावा, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. तो रोजगार कायम की ठेक्याचा, याचा उल्लेख त्या आकड्यात नाही.

देशांतर्गत बाजूने, २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेनुसार पूर्वपरवानगीची मर्यादा शंभरावरून तीनशे कामगारांवर गेली. तिच्यात पुनर्कौशल्य निधीची नवी तरतूद आहे. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने पंधरा दिवसांच्या अंतिम वेतनाइतकी रक्कम भरावयाची आणि ती पंचेचाळीस दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हावयाची. १९९२ च्या निधीशी तुलना करता हे निश्चित पुढचे पाऊल आहे, कारण यात खाजगी कारखाना येतो. पण ‘कपात’ या संज्ञेची व्याख्या पाहावी. स्वेच्छानिवृत्ती तिच्यात येत नाही. मुदतबंद नेमणुकीची मुदत संपली तरी ती कपात नव्हे. ठेकेदार बदलल्याने घरी बसलेला कामगार मूळ कंपनीच्या लेखी तर कधी कामावरच नव्हता.

आपल्या महाविद्यालयांच्या प्रवेश अर्जांत वडिलांच्या व्यवसायाचा एक रकाना असतो. कार्यालयाच्या कपाटांत तीस-चाळीस वर्षांचे असे अर्ज पडून असतील, आणि काही ठिकाणी वाळवीच्या तोंडी गेले असतील. शीळफाट्याच्या पंचक्रोशीतील पाच-सहा महाविद्यालयांनी ते अर्ज वर्षवार लावून हा एक रकाना उतरवून घेतला, तर ‘कंपनीत नोकरी’ हे उत्तर कोणत्या वर्षापासून विरळ होत गेले आणि त्याच्या जागी ‘चालक’, ‘स्वतःचा व्यवसाय’ किंवा नुसती आडवी रेघ कधीपासून दिसू लागली, हे कळू शकेल. राजपत्रातील शुल्कदरांशेजारी ठेवण्यास तो तक्ता उपयोगी पडेल. त्याला अनुदानाची गरज नाही. दोन विद्यार्थी, एक उन्हाळी सुटी आणि प्राचार्यांची परवानगी पुरेशी आहे.